शंका असेल तरच

४ फेब्रुवारी

मेव्हणेबुवा,

क्षेमकुशलाचा मजकूर आज गाळतो, कारण बातमी त्याहून तातडीची आहे. धाकटीचा चेहरा कापावा लागणार नाही! कपाळही उघडावे लागणार नाही! सगळे काम नाकपुड्यांतून होणार आहे. उद्गारचिन्ह मी सहसा वापरत नाही, हे आपण जाणता. वरील दोन्ही विचारपूर्वक दिली आहेत.

आपल्याला यातले काहीच ठाऊक नसणार, हे लिहून झाल्यावर ध्यानात आले. तेव्हा क्रमाने सांगतो. माझी धाकटी बहीण, म्हणजे कायद्याने अजूनही आपली पत्नी, हिच्या डाव्या नाकपुडीतून गेल्या वर्षाच्या अखेरीस वरचेवर रक्त येऊ लागले. तिने त्याचा दोष यार्डातल्या धुळीला दिला. मग डावा डोळा पाणावू लागला. दोष पुन्हा धुळीलाच. क्रेनच्या केबिनमधून एका तुळईच्या दोन तुळया दिसल्या, तेव्हा मात्र ती क्रेनला लटकलेला भार नीट खाली ठेवून उतरली आणि तडक रुग्णालयात गेली. नाकाच्या छताशी गाठ निघाली. कर्करोगाची आहे. हा शब्द मी एकदाच लिहितो. यापुढे नुसते ‘गाठ’ म्हणेन.

नाकाचे छत म्हणजेच मेंदूची फरशी, हे मला या वयापर्यंत कोणी सांगितले नव्हते. मध्ये फक्त चाळणीसारखे, भोकाभोकांचे एक पातळ हाड. गाठ त्या चाळणीतून वर मेंदूच्या आवरणाला भिडली आहे आणि बाजूला डाव्या डोळ्याच्या खोबणीला. ती भिंत तर कागदाइतकीच जाड असते. भिंतीच्या आत, डोळ्याभोवती, एक चिवट आवरण असते. गाठ त्या आवरणाबाहेर थांबली असेल तर डोळा राहील. ते फोडून आतल्या चरबीत आणि स्नायूंत शिरली असेल तर डोळा काढावा लागेल. छायाचित्रांवरून नक्की कळत नाही. आत गेल्यावरच कळेल. एका डोळ्याने माणूस जगतो, पण क्रेनवर बसू शकत नाही. भार जमिनीपासून किती उंच आहे हे दोन डोळ्यांनीच उमगते, हे मी आपल्याला सांगणे म्हणजे माशाला पोहणे शिकवणे.

शस्त्रक्रिया दोन सर्जन मिळून करणार आहेत. नाक-कान-घशाच्या सर्जनबाई आणि मेंदूचे सर्जन. धाकटीने त्यांना पहिल्याच भेटीत ‘खालच्या बाई’ आणि ‘वरचे साहेब’ अशी नावे ठेवली. एकाने दुर्बीण धरायची, दुसऱ्याने कापायचे. एका नाकात चार हात!

“दोघांपैकी सिग्नल कोण देणार?” धाकटीने विचारले.

“म्हणजे?” खालच्या बाई.

“म्हणजे, मी वर बसते आणि खाली चारजण हात हलवतात. मी एकाचंच ऐकते. बाकीच्यांनी फक्त ‘थांब’ म्हणायचं.”

“आमच्यात दुर्बीणवाला दाखवतो, हत्यारवाला करतो,” वरचे साहेब म्हणाले. “आणि ‘थांब’ कोणीही म्हणू शकतं. नर्ससुद्धा.”

“मग जमेल आपलं,” असे म्हणून तिने दोघांना पास केले.

आता मुद्दा. संमतिपत्रावर ती भराभर सह्या करत गेली. डोळ्याची ओळ आली आणि तिने पेन खाली ठेवले. “मी बेशुद्ध असणार, म्हणजे मला भार दिसणार नाही. आंधळा भार मी फक्त माझ्या सिग्नलमनच्या हातावर उचलते.”

“कोण तुमचे सिग्नलमन?”

“नवरा.”

मी शेजारीच बसलो होतो. “अगं, दोन वर्षं ज्यानं तोंड दाखवलं नाही—”

“तोंड कशाला? हात दाखवला तरी पुरे.”

खालच्या बाईंनी शांतपणे स्पष्ट केले: “हे बघा, गाठ आत शिरलेली मला स्पष्ट दिसली, तर मी कोणालाच विचारणार नाही. जीव आधी. शिरलेली नाही असं स्पष्ट दिसलं, तरी विचारणार नाही. शंका असेल तरच बाहेर येईन. तेव्हा बाहेर कोण असेल, ते तुम्ही ठरवा.”

तिने ठरवले आहे. शस्त्रक्रिया एकोणीस तारखेला. आपला दूरध्वनी बंद लागतो. हा पत्ता, आपण हल्ली ज्या बंदरात काम करता, तिथल्या कार्यालयाकडून मिळवला. कृपया निघावे.

आपला मेव्हणा


११ फेब्रुवारी

मेव्हणेबुवा,

बंदराच्या कार्यालयात चौकशी केली. आपण सही करून माझे पत्र घेतले आहे. उत्तर नाही.

आपण का येत नसाल, हे मला कळत नाही असे समजू नका. दोन वर्षांपूर्वी त्या लोखंडी पेटीच्या वेळी आपण ‘खाली’ असा इशारा दिलात, तिने भार सोडला आणि पेटीखाली एका माणसाचा हात सापडला. हात वाचला. चौकशीत धाकटीने सांगितले की चूक दोर बांधणाऱ्याची होती. चौकशीनेही तेच म्हटले. तरी आपण सामान बांधून निघून गेलात, आणि त्या दिवसापासून ती नव्या सिग्नलमनला शिव्या देते आहे. “हात हलवतो की माशा वारतो?” हे त्यातले लिहिण्याजोगे वाक्य. अशा बाईने स्वतःचा डोळा आपल्याच हातावर ठेवायचा म्हटला आहे, याचा अर्थ लावायला वाणिज्य शाखेची पदवी पुरेशी आहे.

असो. इकडे तालमी चालू आहेत! शस्त्रक्रियेनंतर मेंदूखालच्या भगदाडाला मांडीतून काढलेल्या पडद्याचे ठिगळ लावणार आणि त्यावर नाकातल्याच मधल्या पडद्याची जिवंत त्वचा फिरवून बसवणार. ते ठिगळ धरेपर्यंत नाक शिंकरायचे नाही, वाकायचे नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे, शिंक दाबायची नाही. शिंक आली की तोंड उघडून सोडून द्यायची. दाबली तर हवा ठिगळ उचकटून थेट कवटीत जाईल. आता आमच्या घराण्याची शिंक आपण ऐकलेली नाही, कारण ती कोणीच ऐकलेली नाही. आमच्या वडिलांनी आम्हाला शिंक गिळायला शिकवले. शिंकणे म्हणजे भर सभेत मोठ्याने हिशेब चुकणे. मी मिटिंगमध्ये शिंकतो तेव्हा शेजाऱ्याला वाटते, मला काही आठवले.

तेव्हा आम्ही दोघे रोज जेवणानंतर समोरासमोर बसून तपकिरीची चिमूट ओढतो आणि आ वासतो. पहिल्या दिवशी धाकटीने सवयीने शिंक गिळली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. “दादा, बाहेर येतच नाही रे. वडलांनी आत बसून दार लावलंय.” काल मात्र तिने अशी शिंक ठोकली की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. “काही पडलं का हो?” मी म्हणालो, “नाही काकू, उठलं.” धाकटी हसता हसता लोळली आणि मला वाटले, हे सगळे नीट पार पडणार.

वास मात्र कायमचा जाणार. वासाचे तंतूच त्या चाळणीतून वर जातात, आणि चाळण काढायचीच आहे. “यार्डात ग्रीस, घरी तुझी करपलेली कॉफी. काय बिघडतंय?” असे ती म्हणते. पण परवा कपाटासमोर उभी राहून आपले जुने कातडी हातमोजे तिने नाकाशी धरलेले मी पाहिले. गाठीमुळे वास आताच येत नाही. तरीही बराच वेळ धरले होते.

अजून आठवडा आहे. यावे.


१८ फेब्रुवारी

मेव्हणेबुवा,

उद्या सकाळी. आपण आला नाहीत.

मी आज खोटे बोललो. व्यवसायाने मी लेखापरीक्षक आहे. दुसऱ्यांची खोटी वाक्ये शोधण्यावर माझे पोट भरते. त्यामुळे हे वाक्य मी काळजीपूर्वक रचले होते. दुपारी रुग्णालयाच्या खोलीत धाकटीने विचारले, “त्याचं काय रे?”

“फोन आला होता.”

“कधी?”

“तू क्ष-किरणाला गेलीस तेव्हा.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, ज्याला भार दिसतो त्यानंच सिग्नल द्यायचा. मला इथून दिसत नाही. माझ्या जागी आता तुम्ही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर एक माणूस शिडी लावून दिव्याची काच पुसत होता. त्याचे काम मी अतिशय बारकाईने पाहिले.

“असं म्हणाला?”

“अक्षरशः.”

“बरं.” तिने संमतिपत्र ओढून डोळ्याच्या ओळीवर सही केली आणि शेजारी माझे नाव घातले. मग म्हणाली, “मग आता तू माझा सिग्नलमन. आधी हात खिशातून काढ. सिग्नलमनचे हात दिसले पाहिजेत.”

विनंती एवढीच, की तिने पुढेमागे विचारले तर आपण फोन केला होता असे सांगावे. हे पत्र आपल्याला पोचेल तेव्हा सगळे होऊन गेलेले असेल. तरी लिहितो आहे, कारण हात खिशाबाहेर ठेवण्याचा आदेश आहे आणि बाहेर ते रिकामे ठेवणे मला जमत नाही.


२० फेब्रुवारी

मेव्हणेबुवा,

गाठ निघाली! संपूर्ण! धाकटी शुद्धीवर आहे, मला ओळखते आणि माझ्या शर्टाला नावे ठेवते.

आणि खालच्या बाई बाहेर आल्या होत्या.

दुपार टळली होती. प्रतीक्षाकक्षात मी सोडून सगळे काहीतरी खात होते. दार उघडले, त्यांनी तोंडावरचा मास्क खाली केला आणि मी उठून उभा राहिलो. त्या बाहेर आल्या याचा अर्थ मला ठाऊक होता: शंका आहे.

“गाठ सुटी झाली,” त्या म्हणाल्या. “वरच्या बाजूला मेंदूचं आवरण कापलं, कडा तपासायला पाठवल्या, स्वच्छ आल्या. डोळ्याच्या आवरणाला मात्र एका जागी भोक आहे. मागची चरबी मला चांगली दिसतेय. तुकडा गोठवून लगेच तपासून घेतला, पण तपासणारे डॉक्टर म्हणतात, काही पेशींबद्दल छातीठोक सांगता येत नाही. पक्का अहवाल आठवड्याने येईल.”

“पर्याय?”

“आज डोळा काढला, तर त्या बाजूची धास्ती बरीच कमी होते. ठेवला, तर ते आवरण आणि मागची थोडी चरबी काढीन, पुढे रेडिएशन आहेच. अहवाल वाईट आला, तर पुन्हा आत जावं लागेल.”

“तेव्हा डोळा काढता येईल?”

“येईल.”

“आठवड्याचा उशीर महागात पडेल?”

“फारसा नाही. पण धोका नाहीच, असं मी लिहून देणार नाही.”

“आणि आज काढला, आणि अहवाल चांगला आला, तर?”

या प्रश्नाला उत्तर लागणारच नव्हते.

मेव्हणेबुवा, आम्ही लेखापरीक्षक निकाल लागल्यावर येतो. जे घडून गेले त्यावर बरोबर किंवा चूक अशी खूण करतो. घडण्याच्या आधी खूण करायची माझ्यावर पहिल्यांदाच वेळ आली. माझ्या मनात एकच गोष्ट स्वच्छ होती: दोन चुकांपैकी एक दुरुस्त होण्याजोगी आहे, दुसरी नाही. पण दुरुस्त होण्याजोगी म्हटलेल्या चुकीतही तिचा जीव होता. मी “ठेवा” म्हणालो. आवाज फुटला नसावा, कारण बाई म्हणाल्या, “काय?” तेव्हा मी हात वर केला, तळवा समोर, बोटे जुळलेली. ‘थांब’ म्हणणारा असा हात मी तिच्या यार्डात लांबून पाहिला होता.

बाईंनी मान हलवली आणि त्या आत गेल्या.

डावा डोळा सध्या सुजून वांग्यासारखा झाला आहे. पापणी बोटाने उचलली तर तिला उजेड दिसतो. नर्स दर थोड्या वेळाने तिची मान जराशी पुढे करून नाकातून पाण्यासारखे काही ठिबकते का, म्हणजे ठिगळातून मेंदूभोवतीचे पाणी झिरपते का, ते पाहतात. अजून काही नाही. मी मात्र अहवाल येईपर्यंत माणसांत नाही. लिफ्टमध्ये कोणी “वर की खाली?” विचारले तरी दचकतो.


२८ फेब्रुवारी

मेव्हणेबुवा,

स्वच्छ! चरबी स्वच्छ, कडा स्वच्छ, सगळे स्वच्छ!

खालच्या बाईंनी कागद माझ्या हातात दिला. मी तो वाचला, पुन्हा वाचला, मग शेवटच्या ओळीपासून पहिल्यापर्यंत वाचला, जशी माझी सवय आहे. त्या म्हणाल्या, “आता विश्वास ठेवा हो.” मी त्यांना नमस्कार करायला वाकलो, आणि पलंगावरून धाकटी ओरडली, “दादा, वाकायचं नाही!” ही मनाई तिला होती, मला नव्हती, पण मी अर्ध्यावरच थांबलो, आणि तिघेही हसलो. त्या हसण्यात तिला शिंक आली. खोलीतली सगळी माणसे जागच्या जागी थिजली. तिने आ वासला आणि अशी सणसणीत शिंक सोडली की दारातला वॉर्डबॉय मागे सरकला. मग तिची मान जराशी पुढे करून वाट पाहिली. एक थेंब नाही. ठिगळ धरले आहे!

सर्व शांत झाल्यावर, आम्ही दोघेच असताना ती म्हणाली, “दादा, फोन आला नव्हता ना?”

मी अहवालाची घडी घालू लागलो.

“अरे, भार हवेत असताना सिग्नलमन बदलत नाही. आधी भार खाली टेकवतात, दोघं समोरासमोर उभे राहतात, मग एकाचा हात खाली जातो आणि दुसऱ्याचा वर. तो मला दहा वर्षं हेच घोकवत होता. तापात बरळला असता तरी ‘माझ्या जागी तुम्ही’ असं फोनवर म्हणाला नसता.”

इतके दिवस मी त्या वाक्यावर खूश होतो. भाषा उत्तम होती. पद्धत चुकली होती.

“मग तू सही का केलीस?”

“तू आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललास, तेही तोंड खिडकीकडं करून. म्हणजे तू घाबरला होतास. म्हटलं, हा चालेल. घाबरलेला माणूस हात जपून हलवतो.” पुढे म्हणाली, “त्या पेटीच्या दिवशी तो घाबरलेला नव्हता. त्यानंतर इतका घाबरला, की हातच लपवून बसला.”

तेव्हा फोनबद्दलची माझी विनंती मी मागे घेतो. आपण काही सांगण्याची गरज नाही.


२६ ऑगस्ट

मेव्हणेबुवा,

आपले पत्र मिळाले. सहा महिन्यांनंतर, एका ओळीचे: “डोळा राहिला का?” आणि खाली तळटीप, की पहिले पत्र वाचल्यावर पुढची उघडण्याचा धीर झाला नाही, ती पेटीत तशीच आहेत.

धाकटीला दाखवले. तिने ते दोन्ही बाजूंनी पाहिले. “एवढंच? पाठीमागंही काही नाही?” मग कागद माझ्या हातात कोंबला. “भित्रा मेला! लिही त्याला. सगळं लिही.” आणि दारापर्यंत जाऊन परत आली. “रेडिएशनमध्ये तोंड आलं होतं तेही लिही. कळू दे जरा.”

तर, तोंड आले होते. नाकात खपल्या धरतात. दोन्ही वेळा मिठाच्या पाण्याने धुवाव्या लागतात. वास गेला तो गेलाच. परवा दूध करपून घरभर धूर झाला आणि ती शेजारी बसून शांतपणे पेपर वाचत होती. डावा डोळा वाहतो, म्हणून खिशात कायम रुमाल असतो. एकाचे दोन दिसणे मात्र हळूहळू विरले. अगदी वर डावीकडे पाहिले तरच थोडे उरते. फोटोंत गाठीचा मागमूस नाही. अजून काही वर्षे दर थोड्या महिन्यांनी तपासणी राहील आणि त्या प्रत्येक दिवशी मला भूक लागणार नाही, हेही नमूद करतो.

गेल्या आठवड्यात तिची डोळ्यांची चाचणी झाली. परवा यार्डाने तिला केबिन परत दिली. मी रजा काढून गेलो होतो. मला कोणीतरी हेल्मेट दिले, ते भुवयांपर्यंत येत होते. नव्या सिग्नलमनने, ज्याला ती माशा वारणारा म्हणते, मला कुंपणाबाहेर उभे केले. ती शिडी चढली, मध्ये एकदा थांबून रुमालाने डोळा टिपला आणि काचेआड गेली.

पहिला भार लोखंडी तुळईचा होता. खाली लाकडी ठोकळ्यांवर एक काचेचा पत्रा आडवा ठेवलेला. नवा नियम म्हणे, रजेवरून परतलेल्याची परीक्षा. तुळई पत्र्यावर नुसती टेकवायची, वजन क्रेनच्या दोरावरच राहू द्यायचे, पत्रा फुटता कामा नये. यार्डातली माणसे चहाचे पेले हातात घेऊन जमली होती. मुकादम म्हणाला, “साहेब, तुम्ही डोळे मिटलेत काय?” मी मिटले होते. उघडले.

सिग्नलमनचा हात हळूहळू खाली येत होता. तुळई त्याच्या हाताबरोबर उतरत होती, हेलकावा न घेता, शेवटच्या वितीत तर इतकी सावकाश की ती थांबली आहे असे वाटावे. मला केबिनमधला तिचा चेहरा दिसत नव्हता. काचेच्या पत्र्यात तुळईचे प्रतिबिंब वर येत गेले, आणि मग तुळई आणि प्रतिबिंब यांच्यात काही उरले नाही.

पत्रा शाबूत होता.